गाडी पन्नास फुटांवर उभी करावी

जावककाकांच्या हातून आयुष्यात एकही कागद हरवला नाही. याचा त्यांना फार अभिमान होता. आता नाही. एखादा कागद वेळेवर हरवला असता तर बरं झालं असतं, असं ते हल्ली कुणी न विचारताही सांगतात.

चौतीस वर्षं ते एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात होते. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर नंबर घालायचा, वहीत नोंद करायची आणि मगच ते पाकिटात जाऊ द्यायचं, हे त्यांचं काम. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. इमारतीत, दुकानात, केस कापायला गेले तर तिथेही, ते जावककाकाच. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. काकांनी टेबलावरचा जुना पंच मागून घेतला. कागदाला दोन भोकं पाडायचं ते लोखंडी यंत्र त्यांनी घरी आणलं आणि तेव्हापासून घरात आलेला एकही कागद भोकं पडल्याशिवाय राहिला नाही. एकदा तर बहिणीच्या नातीने काढलेलं हत्तीचं चित्रही फाइलीला लागलं होतं.

तर एका मंगळवारी गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. 'आपल्या वाहनाच्या डॅशबोर्डमागील एका विद्युत जोडणीत दोष आढळला आहे. गाडी बंद असतानाही ही जोडणी तापून धूर निघण्याची अथवा आग लागण्याची शक्यता आहे. नजीकच्या सेवा केंद्रात दुरुस्ती विनामूल्य करून मिळेल. तोपर्यंत वाहन इमारतीपासून सुरक्षित अंतरावर, उघड्यावर उभे करावे.' काकांनी पत्र उभ्याने वाचलं, मग चष्मा पुसून बसून वाचलं, आणि सवयीने डाव्या बाजूला पंच मारून फाइलीला लावलं. पंच नेमका कुठे बसला हे त्यांनी पाहिलं नाही. त्याचं पुढे येईलच.

अडचण अशी होती, की गाडी काकांकडे नव्हती. ती बिस्किटी रंगाची छोटी गाडी त्यांनी चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाला देऊन टाकली होती. नावावर मात्र करून दिली नव्हती. टाचण्यांच्या डबीसाठी तीन प्रतींत अर्ज मागणारा हा माणूस त्या दिवशी म्हणाला होता, "घरातल्या घरात कसले आलेत कागद!" आयुष्यात एकदाच त्यांनी कागदाशिवाय काहीतरी केलं होतं.

आणि दुसरी, मोठी अडचण अशी, की त्या धाकट्या भावाशी काका तीन वर्षं बोलत नव्हते.

भांडण सांगायला गेलं तर लाज वाटेल इतकं लहान होतं. पुतण्याने नवं घर घेतलं म्हणून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. जाताना धाकट्याने किल्ली पुढे केली, "दादा, आज तू चालव." दादा चालवायला बसले. आता काकांचं गाडी चालवणं हा त्यांच्या तत्त्वाचा भाग होता. तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ सभ्य माणसावर येत नाही, असं ते मानत. मागून हॉर्न वाजले तर ते आरशात बघून त्या माणसाच्या संस्काराबद्दल हळहळत. सगळे पोचले तेव्हा निम्मी पंगत उठली होती. जेवताना धाकटा म्हणाला, "दादाच्या गाडीत एक सोय आहे. वाटेत भूक लागली तर उतरावं, खाऊन घ्यावं आणि थोडं चालून पुन्हा त्याच गाडीत चढावं." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने काकू हसल्या, हे काकांना विशेष लागलं. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग यापुढे तुझा तू जा." तिथून ते पायी घरी आले.

त्यानंतर दाढी करताना, भाजी निवडताना, काका एक प्रसंग मनात रंगवत. धाकटा दारात येतो, मान खाली घालून म्हणतो, दादा, तुझंच बरोबर होतं, गाडी हळूच चालवायला पाहिजे. मग काका जरा वेळ घेतात आणि त्याला आत ये म्हणतात. त्या एका वाक्याची ते तीन वर्षं वाट बघत होते. धाकटा पायी वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होता.

पत्राची बातमी ऐकून काकू म्हणाल्या, "अहो, फोन करा आधी. गाडी त्यांच्या खिडकीखालीच उभी असते, भिंतीला चिकटून. काही पेटलंबिटलं तर?"

काका फोनपर्यंत गेले, रिसीव्हर उचलला, पहिले तीन आकडे फिरवले आणि ठेवून दिला. "अशा गोष्टी लेखी कळवलेल्या बऱ्या," ते म्हणाले. "तोंडी सांगितलेलं उद्या नाही म्हणता येतं."

"कोण नाही म्हणणार आहे? सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"म्हणूनच लेखी."

आणि काका टेबलाशी बसले. 'प्रति' लिहिलं, पत्ता लिहिला, 'विषय: आपल्या ताब्यातील वाहनातील विद्युत दोषाबाबत' असं लिहून खाली रेघ मारली. मग 'महोदय'. काकूंनी खांद्यावरून वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "एका ताटात जेवलात दोघं. महोदय?"

मजकूर लिहिताना काका एका जागी अडखळले. 'सुरक्षित अंतरावर' म्हणजे किती? चौतीस वर्षं त्यांनी असले मोघम शब्द परत पाठवले होते. कंपनीला कुणी विचारलं नाही म्हणून आपणही सोडून द्यायचं? त्यांनी थोडा विचार केला, छताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'वाहन इमारतीपासून किमान पन्नास फूट अंतरावर उभे करावे.' पन्नास हा आकडा कुठून आला असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. दिसायला तो बरा दिसत होता. त्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली, पत्र रजिस्टर केलं आणि पाकिटावर लाल शाईने 'तातडीचे' असं लिहिलं. पत्र वीस मिनिटांवरच्या घरी चौथ्या दिवशी पोचलं.

तोवर बातमी इमारतीत फिरली होती. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट जिन्यात थांबवून म्हणाले, "काका, कागदोपत्री मालक तुम्ही. गाडीने पेट घेतला, शेजारचं काही जळलं, की पहिली नोटीस तुमच्या दारात. मी घाबरवत नाही, फक्त सांगतोय." काका दोन दिवस घाबरलेले होते. समोरच्या घरातले निवृत्त ड्रॉइंग मास्तर मात्र पायजम्याच्या खिशात हात घालून शांतपणे म्हणाले, "एवढं काय त्यात? बॉनेट उघडायचं, बॅटरीची एक वायर काढून ठेवायची. वीजच नाही तर आग कसली? जाऊन सांगा धाकट्याला." काकांना हे फारच उथळ वाटलं. कंपनीच्या पत्रात बॅटरीचा उल्लेखच नव्हता. वर मास्तरांनी आयुष्यभर मुलांकडून मडकी आणि केळी काढून घेतली, त्यांना विजेतलं काय कळतं, असंही ते घरात येऊन बोलले.

सातव्या दिवशी पोस्टमनने रजिस्टर पत्र आणून दिलं. पाकिटावर धाकट्याचं अक्षर होतं, तेच डावीकडे कललेलं. काकांनी सही केली, आत आले आणि काकूंना दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धाकटाही कारकूनच होता, पाण्याच्या कचेरीत, पण आवक टेबलावर. म्हणजे मोठ्याने आयुष्यभर पत्रं पाठवली आणि धाकट्याने आयुष्यभर आलेल्या पत्रांवर शंका काढल्या. त्याने लिहिलं होतं, 'महोदय, संदर्भीय पत्र प्राप्त झाले. पन्नास फूट हे अंतर कोठून मोजावे, भिंतीपासून की छज्ज्यापासून, याचा बोध होत नाही. तरी खुलासा व्हावा. दरम्यान खबरदारी म्हणून वाहन भिंतीलगतच्या जागेवरून हलविण्यात आले आहे.'

"बघितलंस?" काका काकूंना म्हणाले. "तीन वर्षांनी पत्र लिहितोय आणि त्यात शंका काढतोय!" पण आवाजात राग नव्हता. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला, आणि उत्तर लिहायला बसले तेव्हा नवी कोरी फाइल काढली, तिच्यावर शीर्षक घातलं आणि पत्राला 'जावक क्रमांक दोन' असा नंबर दिला. उत्तर एका ओळीचं होतं. 'छज्ज्यापासून.' ते लिहायला त्यांनी दीड तास घेतला.

त्यापुढच्या पत्रात धाकट्याने विचारलं, की शेजाऱ्यांची इमारत इमारतीत मोडते काय. मोडते, असं काकांनी कळवलं. मग त्याने कळवलं, की टेप लावून मोजणी केली असता दोन्ही इमारतींपासून पन्नास फूट अशी जागा घराजवळ एकच आहे, ती म्हणजे शाळेमागचं मैदान. सबब वाहन तेथे ठेवण्यात आले आहे. काकांनी पोच दिली. मैदान खाली होतं, घरापासून तिथे जायला एकवीस दगडी पायऱ्या होत्या, हे काकांना माहीत होतं. लहानपणी दोघं त्या पायऱ्या घसरत उतरायचे. पण पोच देताना त्यांना पायऱ्या आठवल्या नाहीत.

मध्येच काका स्वतः सेवा केंद्रात जाऊन आले. काचेची मोठी खोली, थंडगार, भिंतीवर हसणारी कुटुंबं. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. "काका, गाडी घेऊन या, मालकांना घेऊन या, अर्ध्या तासात मोकळे."

"मालक मीच आहे."

"मग गाडी?"

"ती दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे."

मुलीने एकदा काकांकडे आणि एकदा मागच्या केबिनकडे पाहिलं. "बरं. चासी नंबर सांगा, मी वेळ राखून ठेवते."

काकांनी रुबाबात फाइल उघडली. चासी नंबर पत्रात डाव्या बाजूला छापलेला होता आणि पंच त्याच्या बरोब्बर मधोमध बसला होता. सतरा आकड्याअक्षरांतली दोन गेली होती आणि तिथून पलीकडचं टेबल दिसत होतं. मुलगी म्हणाली, "इथे तीन असेल की आठ?" काकांनी भोकातून पाहिलं. भोकात काही नव्हतं. आयुष्यात प्रथमच एका काउंटरवरून ते 'कागद अपूर्ण आहे' असं ऐकून परत आले.

एवढ्यासाठी फोन केला असता तर धाकट्याने दोन मिनिटांत नंबर वाचून दाखवला असता. काकूंनी तसं सुचवलंही. काकांनी 'जावक क्रमांक सहा' लिहिलं. 'सदर वाहनाचा चासी क्रमांक पेन्सिलने उतरवून, आपल्या स्वाक्षरीनिशी पाठवावा.' धाकटा मैदानात गेला, बॉनेट उघडलं, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि अक्षरन्अक्षर स्पष्ट उमटलेला कागद पाठवून दिला. सही करायला तेवढा विसरला.

कागद हातात आला. नंबर दिसत होता. सेवा केंद्राला सहीशी काही देणंघेणं नव्हतं. काकांना हे कळत होतं. पण त्यांनी लाल पेन उचललं, कागदावर तिरकं 'अपूर्ण. स्वाक्षरी नाही. परत' असं लिहिलं आणि कागद पाकिटात घातला. लाल शाई नंबरावरूनच गेली.

काकू म्हणाल्या, "आता हे काय? मिळाला ना नंबर?"

"पद्धत म्हणून काही असते की नाही?"

खरं कारण पद्धत नव्हतं. नंबर मिळाला की काम संपणार होतं, आणि काम संपलं की पोस्टमन पुन्हा फक्त विजेचं बिल आणणार होता. हे काका काकूंना बोलले नाहीत. स्वतःशीही नीट बोलले नाहीत.

त्यानंतर बारा दिवस काही आलं नाही. काका सकाळी अकरापासून गॅलरीत उभे राहू लागले. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. तेराव्या दिवशी पाकीट आलं. आत तीन ओळी होत्या. 'काही अपरिहार्य कारणास्तव मागणीप्रमाणे कागद पाठविणे तूर्त शक्य नाही. तसेच वाहन सेवा केंद्रात आणणेही शक्य नाही. तरी मुदत मिळावी.' अक्षर धाकट्याचं नव्हतं. गोल गोल, उभं, बायकी अक्षर होतं. खाली सही धाकट्याची, पण वेडीवाकडी.

काकांचा पारा चढला. "हाताखाली लेखनिक ठेवलाय! मी इथे स्वतः लिहितोय आणि हा सांगून लिहून घेतोय. सहीसुद्धा कशी फेकल्यासारखी!" त्यांनी तिथल्या तिथे 'जावक क्रमांक आठ' लिहिलं. 'अपरिहार्य कारणे स्पष्ट करावीत.'

'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द काकांनी नोकरीत किमान हजार पत्रांवर नंबर घालून पाठवले असतील. त्या शब्दांच्या आत काय असतं, हे त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

आठव्या पत्राला उत्तरच आलं नाही. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी काकूंनी भाजीची पिशवी टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "आज तुम्ही गेला नाहीत तर मी जाणार. आणि मी गेले तर जेवूनखाऊन दोन दिवसांनी येईन." काका उठले. पण असंच कसं जाणार? त्यांनी नववं पत्र तयार केलं, स्मरणपत्र, आणि कपाटातून जुनी पोचवही काढली. शिपाई पत्र हातोहात देतो आणि घेणाऱ्याची सही घेतो, ती वही. म्हणजे कुणी विचारलं तर ते भावाकडे आले नव्हते, पत्र द्यायला आले होते.

दार धाकट्या भावजयीने उघडलं. हातात औषधाचा चमचा होता. काकांना बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादा, या ना," ती म्हणाली. काकांनी पोचवही पुढे केली. "इथे सही पाहिजे," ते म्हणाले. तिने वही घेतली, न बघता सही केली, आणि ते गोल गोल, उभं अक्षर काकांनी ओळखलं.

धाकटा आतल्या खोलीत खाटेवर होता. उजवा पाय मांडीपासून बांधलेला, उशांवर ठेवलेला. खाटेला टेकून चार पायांची काठी उभी होती. त्याचे केस पांढरे झाले होते. तीन वर्षांपूर्वी काळे होते, का त्या वेळी तो रंगवायचा, हे काकांना आठवेना.

"ये दादा," तो म्हणाला. "स्मरणपत्र का?"

काका बांधलेल्या पायाकडे बघत राहिले. भावजयच बोलली. "तुमचा लाल शाईचा कागद आला ना, त्या दिवशी पडले. म्हटलं, आहे त्यावरच सही करा. तर म्हणाले, नंबरावर शाई आलीय, दादा पुन्हा परत पाठवेल. नवा कागद घेऊन निघाले. पायऱ्या कुणीतरी धुतल्या होत्या. चौदाव्या पायरीवरून खाली आले. खुब्याजवळ हाड मोडलं. आत सळई घातलीय."

"मला कळवलं का नाही?"

"हे नको म्हणाले."

"छोट्या," काका म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं. "एक फोन करायचा होतास रे."

"तू केलास?"

काका खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. पोचवही त्यांच्या मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"कारणे स्पष्ट करावीत, असं विचारलंस," धाकटा छताकडे बघत म्हणाला. "रोज हिला सांगून उत्तर लिहून घ्यायचो आणि फाडायला लावायचो. काय लिहू? पन्नास फुटांपायी पडलो म्हटलं असतं तर तू स्वतःला खात बसला असतास."

काकांना ते सहन झालं नाही. "ते पन्नास फूट," ते म्हणाले, "ते कंपनीने लिहिलं नव्हतं. कंपनीने नुसतं सुरक्षित अंतर म्हटलं होतं. आकडा मी घातला. माझ्या मनाने."

"माहितीये."

"माहितीये?"

"पस्तीस वर्षं आवकला होतो, दादा. कंपनी असा आकडा कधी लिहून देते का? उद्या एकावन्नाव्या फुटावर काही जळलं तर कोण निस्तरणार? पन्नास वाचलं आणि म्हटलं, हा दादाचा आकडा."

"मग एवढ्या लांब कशाला ठेवलीस?"

धाकट्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस म्हणून."

बाहेर भावजय भांडी जोरात विसळत होती, बहुधा मुद्दाम. थोड्या वेळाने धाकटा हसल्यासारखं करून म्हणाला, "आणि छज्ज्याची शंका मी उगाच काढली होती. मला काय कळत नव्हतं? पण शंका काढली नसती तर एका पत्रात विषय संपला असता. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं होतं. म्हटलं, चालू दे थोडे दिवस."

"सहीची गरज नव्हती," काका म्हणाले. "मीपण उगाच परत पाठवला."

निघताना काकांनी गाडीची किल्ली तोंडीच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी काका किल्ली घेऊन त्या पायऱ्या उतरले, कठड्याला धरून, एकेक मोजत. चौदाव्या पायरीवर ते जरा थांबले. गाडीवर धूळ होती, काचेवर पोरांनी बोटाने चेहरे काढले होते. त्यांनी ती सेवा केंद्रात नेली. काउंटरवरच्या मुलीने चासी नंबर गाडीवरूनच बघून घेतला, तिला कुणाची सही लागली नाही. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला, एक अंगठ्याएवढी जोडणी काढली, दुसरी बसवली. सतरा मिनिटं लागली. काकांनी घड्याळ लावून मोजली होती, मोजायला नको होती.

"झालं, काका," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "आता खुशाल घराला चिकटून लावा. आणि इतके दिवस लांब कुठे ठेवायची काही गरज नव्हती हो. बॅटरीची वायर काढून ठेवली असती तरी भागलं असतं."

काकांनी मान डोलावली. घरी आल्यावर ते ड्रॉइंग मास्तरांच्या दारासमोर बराच वेळ उभे राहिले, पण बेल वाजवली नाही.

पुढच्या आठवड्यात धाकट्याला तपासणीला दवाखान्यात न्यायचं होतं. भावजय रुग्णवाहिकेला फोन लावत होती. काका म्हणाले, "मी नेतो." गाडी खिडकीखाली, भिंतीला चिकटून उभी होती. ड्रॉइंग मास्तर आणि विमा एजंट दोघं मदतीला आले होते. चौघांनी धाकट्याला अलगद उचलून मागच्या सीटवर बसवलं, पाय आडवा करून उशीवर ठेवला. भावजय पुढे बसली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की काठीने चालता येईल, पण पुन्हा गाडी चालवायचं मात्र विसरा. धाकट्याने हे ऐकून घेतलं होतं आणि त्यावर काही शंका काढली नव्हती.

काकांनी आरसा नीट केला. आरशात धाकट्याचा चेहरा दिसत होता. पहिला गिअर, मग दुसरा. तिसरा त्यांनी टाकलाच नाही. मागून लगेच हॉर्न सुरू झाले, एक टेम्पो शिव्या देत बाजूने निघून गेला, एक सायकलवाला पुढे गेला. काका मनातून वाट बघत होते. आता हा बोलेल. म्हणेल, दादा, वाटेत उतरून खाऊन येऊ का. त्यांनी त्यावर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. हसायचं, मोठ्याने, अगदी काकू हसल्या होत्या तसं.

शाळेच्या वळणावर रस्ता उखडलेला होता. चाक खड्ड्यात गेलं आणि वर आलं. मागून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. काकांनी आरशात पाहिलं. धाकट्याने डोळे घट्ट मिटले होते, सीटची कड मुठीत धरली होती, कपाळावर घाम होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "जरा हळू चालव रे."

तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आलं. काकांनी दुसरा गिअर काढून पहिला टाकला. पुढचं त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी डोळे बाहीने पुसले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मागे हॉर्नची रांग लागली होती. ते एकही ऐकत नव्हते.

"अजून थोडं हळू," धाकटा म्हणाला.

"हो रे," काका म्हणाले. "हो."